रमाबाईंच्या शंका, इंजील आणि आमच्या घरातला एक प्रश्न

१९९५-९६ ची गोष्ट. अंबाजोगाईच्या आमच्या मोहल्ल्यात तेव्हा अहमद दीदात यांच्या व्हिडिओ कॅसेटी हातोहात फिरत. कुणाकडे व्हीसीआर आला की इशाच्या नमाजनंतर दहा-पंधरा जण जमायचे. दीदात इंग्रजीत बोलत. आम्हाला निम्मे कळे, उरलेले कुणीतरी दखनीत समजावून सांगे. सुरत जिल्ह्यात जन्मलेला, लहानपणीच वडिलांकडे दक्षिण आफ्रिकेला गेलेला, दुकानात नोकरी करताना मिशनऱ्यांच्या प्रश्नांनी हैराण झालेला हा माणूस भर सभेत बायबल उघडतो आणि पाद्र्यांना निरुत्तर करतो, याचे आम्हाला फार कौतुक होते. मी नुकताच शाळेत शिक्षक म्हणून लागलो होतो. कॅसेटींवरून शुभवर्तमानातल्या तीन जागा मी अध्याय-आकड्यांसकट पाठ केल्या होत्या.

पहिली मार्कच्या दहाव्या अध्यायातली. एक जण हजरत ईसांना (अ.) उत्तम गुरुजी म्हणतो, तेव्हा ते त्याला तिथेच अडवतात आणि उत्तमपणा एकट्या परमेश्वराकडे वळवतात. दुसरी तेराव्या अध्यायातली. शेवटच्या दिवसाची घटका पुत्रालाही ठाऊक नाही, असे ते स्वतःच सांगतात. तिसरी जागा सुळावरची, देवाने मला का टाकले या अर्थाचा तो टाहो. (हजरत ईसा सुळावर गेलेच नाहीत, ही आपली श्रद्धा. तरी वादात ती जागा मी बिनधास्त वापरत असे. वादात माणसाला काय काय चालते!)

आमच्या शाळेत नगरकडचे एक ख्रिस्ती सर होते, मराठी शिकवायचे. त्यांच्या आजोबांच्या आधीपासून घराणे ख्रिस्ती. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून चालू आहे, त्यातलीच ही पिढी. एका मधल्या सुट्टीत मी तिन्ही जागा त्यांच्यापुढे टाकल्या. त्यांनी डबा बंद केला आणि एवढेच म्हणाले, "भाई, हे सगळे तुम्हाला सापडले कुठे? आमच्याच पुस्तकात ना? मग आम्ही ते लपवले नाही, एवढे तरी मान्य करा."

मी हसलो. स्टाफरूममध्ये आपण जिंकलो असेच मला वाटले. त्या वाक्याचा अर्थ लागायला मला पंचवीस वर्षे लागली, आणि तो मी वाचून काढला असेही नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझे दुलाभाई गेले. आठ दिवस ऑक्सिजनवर होते. रमजानचा महिना होता. घरातले सगळे रात्र रात्र मुसल्यावर. माझा भाचा तेव्हा एकोणीस वर्षांचा. त्याने त्या आठ रात्रींत डोळे मिटले नसतील. दफन झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मामू, रातभर दुआ करे ना अपन सब? फिर सुना कौन?"

मी म्हणालो, "तौबा कर. ऐसा नै बोलते."

त्याने तौबा केली की नाही मला माहीत नाही. बोलणे मात्र बंद केले. पुढे तो पुण्याला नोकरीला गेला. फोन करतो, तब्येत विचारतो, आपाला पैसे पाठवतो. तो विषय पुन्हा निघाला नाही. त्याला मी गप्प बसवले, हे मला कळत होते. पण गप्प न बसवता काय म्हणायला हवे होते, हे कळत नव्हते. तेव्हा मी वाचायला बसलो. आणि ज्या पुस्तकातून एके काळी हत्यारे उचलली होती, तिथेच पुन्हा जाऊन पोचलो.

दीदातांचा विषय जिथून सुरू होतो तिथून सांगतो. तरुणपणी त्यांच्या हाती एक जुने पुस्तक लागले होते, 'इजहारुल हक'. ते लिहिणारे मौलाना रहमतुल्लाह कैरानवी म्हणजे १८५४ च्या आग्र्याच्या मुबाहशाचे नायक. १० आणि ११ एप्रिल १८५४ असे दोन दिवस आग्र्यात मौलाना आणि जर्मन मिशनरी फांडर यांच्यात जाहीर वाद झाला. मौलानांच्या जोडीला डॉ. वजीर खान होते. त्यांनी युरोपातल्या बायबल-चिकित्सेचे ग्रंथ मिळवले होते. म्हणजे पाद्र्यांच्याच देशांतल्या पंडितांची पुस्तके पाद्र्यांपुढे ठेवली. बायबलच्या नकला होताना काही ठिकाणी फरक पडले आहेत, हे फांडरना भर सभेत कबूल करावे लागले. मूळ शिकवणीला त्याने धक्का लागत नाही, असे ते म्हणत राहिले, पण लोकांनी कबुली तेवढी लक्षात ठेवली. १८५७ नंतर मौलानांना देश सोडावा लागला. ते मक्केला गेले, ग्रंथ पुढे तुर्कस्तानात लिहिला, आणि १८९१ मध्ये मक्केतच वारले.

फांडरच्या बाजूला त्या दिवशी एक तरुण इंग्रज पाद्री बसला होता, थॉमस वाल्पी फ्रेंच. त्याचे नाव ध्यानात ठेवा. तीस वर्षांनी तो लाहोरचा बिशप म्हणून एका मराठी बाईच्या वाटेत येणार आहे. ही बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाई आपल्याला शाळेच्या पुस्तकातल्या चार ओळींपुरत्या माहीत असतात: विधवांसाठी शारदा सदन, केडगावचे मुक्ती मिशन, झाले. त्यांचा आणि शंकेचा संबंध फार जुना आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा रोष घेतला. तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत हे कुटुंब देशभर हिंडले. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. उपासतापास, दाने, व्रते सगळे करून झाले होते आणि देव पावला नव्हता. त्यामुळे फिर सुना कौन, हा प्रश्न त्यांच्यापाशी आमच्या भाच्याच्या कितीतरी आधीपासून होता.

भाऊ गेला. बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी लग्न केले, जातीबाहेर. दोन वर्षे पुरी व्हायच्या आत कॉलऱ्याने तेही गेले. पदरात मनोरमा. नवऱ्याच्या पुस्तकांत रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाची बंगालीतली एक छोटी प्रत सापडली होती. इंजीलशी त्यांची ओळख अशी, कुणी उपदेश केला म्हणून नव्हे, घरात पडलेल्या पुस्तकातून.

१८८२ मध्ये त्या पुण्याला आल्या, १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेज गावी अँग्लिकन जोगिणींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. त्या पंथाच्या बायका लंडनला बदनाम ठरलेल्या स्त्रियांना आसरा देतात, हे त्यांनी पाहिले. असे कोणी का करते, हे विचारल्यावर त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचायला मिळाली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, पाच नवरे झालेली, जातीने हलकी मानलेली बाई, आणि तिच्याशी बसून धर्मचर्चा करणारे हजरत ईसा. आयुष्यभर धर्मचर्चेतून बायकांना उठवलेले पाहिलेल्या रमाबाईंवर या गोष्टीचा काय परिणाम झाला असेल याची कल्पना करा. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

आपल्याकडे धर्मांतराची गोष्ट इथे संपते. एका बाजूला जल्लोष, दुसऱ्या बाजूला शिव्या. रमाबाईंच्या बाबतीत खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते, आणि ती त्यांच्या पत्रांत आहे. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांनी ती पत्रे जपून ठेवली आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये ती इंग्रजीत छापली. ते जाडजूड पुस्तक मला औरंगाबादच्या एका ग्रंथालयात मिळाले. दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या मी त्याच्यावर घालवल्या.

बाप्तिस्मा झाल्यावर दोन वर्षांत रमाबाईंनी आपल्या गुरूंना असे प्रश्न विचारले की मठात खळबळ उडाली. देव एक आहे हे मला मान्य, पण त्रैक्य कुठे आहे? येशूवर माझा विश्वास आहे, पण येशू आणि परमेश्वर एकच, हे मी का म्हणावे? चर्चमध्ये म्हटला जाणारा अथनेशियसचा तो लांबलचक मतांगीकार, ज्यात हे न मानणाऱ्याला नरक सांगितला आहे, तो मला म्हणवत नाही. माझ्या मुलीला जे समजत नाही ते तिच्याकडून घोकून घेऊ नका. हे माझ्या शब्दांत सांगतो आहे, पण मजकूर त्यांचाच. जेराल्डिन यांनी अंडी घातलेले पदार्थ न खाण्यावरून त्यांना जातीचा गर्व चिकटलेला आहे असे सुनावले. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आमच्या बायकांना ती कळणार नाहीत, संस्कृत घाला, यावरूनही पत्रापत्री झाली.

मूळ भांडण अधिकाराचे होते. जेराल्डिन यांचे म्हणणे असे की शास्त्राचा अर्थ चर्च सांगते, नव्या माणसाने नम्रपणे ऐकावे, शंका हा अहंकार आहे. रमाबाईंचे उत्तर असे की भटाभिक्षुकांचे जोखड मी नुकतेच मोठ्या कष्टाने उतरवले आहे, आता त्याच मापाचे दुसरे मानेवर घेणार नाही. अल्लाहने मला अक्कल आणि विवेक दिला आहे, त्याचा वापर मलाच करावा लागेल. (त्यांनी अर्थात अल्लाह म्हटले नव्हते. माझ्या तोंडी तो शब्द आला, राहू दे.)

इथे येतात आपले आग्र्याचे फ्रेंचसाहेब. चेल्टनहॅमच्या कॉलेजात रमाबाई शिकत होत्या आणि संस्कृत शिकवत होत्या. त्यांनी पुरुषांनाही शिकवावे अशी कल्पना निघाली, तेव्हा लाहोरच्या बिशपनी आणि मुंबईच्या बिशपनी हरकत घेतली. हिंदुस्थानात याचा गवगवा वाईट होईल, म्हणे. पुण्या-कलकत्त्याला पुरुषांच्या भरसभेत व्याख्याने दिलेल्या बाईला हे सांगितले जात होते! आग्र्यात मौलानांच्या प्रश्नांना तोंड देणाऱ्यांतला माणूस तीस वर्षांनी एका बाईने पुरुषांना व्याकरण शिकवावे की नाही यावर आज्ञा पाठवतो. मला हे वाचून हसू आले, आणि मग आठवले की शंका विचारणाऱ्याला मी तरी दुसरे काय पाठवले होते.

आणखी एक जुळणी सांगण्यासारखी आहे. रमाबाई इंग्लंडात पोचल्या त्याच्या दोनच वर्षे आधी, १८८१ मध्ये, इंग्रज बिशप आणि विद्वानांच्या समितीने नव्या कराराचा सुधारलेला इंग्रजी अनुवाद छापला होता. योहानाच्या पहिल्या पत्रात पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे तिघे एक आहेत असे ठळकपणे सांगणारे जे एकमेव वचन होते, ते त्यांनी गाळले, कारण जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते नव्हतेच. त्याच आवृत्तीत मार्कच्या शेवटच्या बारा ओळी मधे जागा सोडून वेगळ्या छापल्या आणि समासात टीप दिली की सर्वांत जुन्या दोन ग्रीक हस्तलिखितांत त्या नाहीत. म्हणजे मौलाना कैरानवी आणि डॉ. वजीर खान आग्र्यात जे सांगत होते त्याचा मोठा भाग सत्तावीस वर्षांनी इंग्लंडच्या चर्चनेच छापून टाकला. यावर आपण टाळ्या वाजवू शकतो, आणि माझ्या ओळखीचे बरेच जण वाजवतातही. पण आपले आवडते वचन पुरावा नाही म्हणून स्वतःच्या हाताने खोडायला काय लागते, याचाही जरा विचार करावा.

आता इथे काही वाचक म्हणतील, म्हणजे रमाबाई मुसलमानच होत्या की! एक देव, त्रैक्य नाही, भट-पाद्री नको. थांबा. त्या ख्रिस्तीच राहिल्या. बाप्तिस्म्याच्या सुमारे आठ वर्षांनी त्यांना असा अनुभव आला की ख्रिस्ती धर्म मला मिळाला होता, ख्रिस्त आत्ता मिळाला. पुढे १९०५ मध्ये त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये भक्तीची जी लाट आली तिची दखल जगभरच्या ख्रिस्ती मंडळींनी घेतली. ज्यांनी त्यांच्या शंकांना अहंकार म्हटले, त्यांच्यापैकी किती जणांची श्रद्धा एवढी टिकली, देव जाणे. ज्यांच्या लेखनाचा आणि पत्रांचा रमाबाईंवर मोठा प्रभाव होता, ते नीलकंठशास्त्री गोऱ्हे, काशीचे चित्पावन पंडित, १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनाही शंकांनी जन्मभर सोडले नाही. शंका घेऊनच ते पाद्री म्हणून जगले, मेले.

मग मी मार्क पुन्हा काढला. यावेळी वाक्ये शोधत नव्हतो, पहिल्यापासून वाचला. अभ्यासक बहुतेक चारही शुभवर्तमानांत मार्क सर्वांत जुना मानतात, साधारण इसवी सन ७० च्या आसपासचा. पहिल्याच अध्यायात लोक थक्क होतात, कारण हा माणूस शास्त्र्यांसारखा दाखले देत नाही, अधिकाराने बोलतो. अकराव्या अध्यायात पुरोहित विचारतात, हा अधिकार तुला दिला कोणी? मधल्या सगळ्या पुस्तकात अधिकार आणि अविश्वास एकमेकांना लागून चालतात. सहाव्या अध्यायात ते आपल्या गावी जातात तेव्हा लोक म्हणतात, हा तर आपला सुतार, याच्या बहिणी आपल्यातच आहेत. आणि मार्क सरळ लिहितो की थोड्या आजाऱ्यांना बरे करण्यापलीकडे तिथे त्यांना काही चमत्कार करता आला नाही. पुढे मत्तयने हीच गोष्ट लिहिली तेव्हा करता आला नाही याचे केले नाही असे झाले. उत्तम गुरुजीची जागाही मत्तयने अशीच मवाळ केली आहे. म्हणजे अडचण लेखकांच्याही लक्षात आली होती. तरी चर्चने मार्क फेकून दिला नाही. दोन्ही शेजारी ठेवले, वाचणाऱ्याने बघून घ्यावे म्हणून. सरांनी डबा बंद करताना जे सांगितले ते हे होते.

आणि मग नववा अध्याय. एक बाप आजारी मुलाला घेऊन आलेला आहे. मुलाला लहानपणापासून झटके येतात, कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. शिष्यांनी प्रयत्न केला, जमले नाही. भोवती शास्त्री वाद घालत उभे. बाप हजरत ईसांना म्हणतो की तुम्हाला काही जमत असेल तर करा. या 'असेल तर' वर ते त्याला टोकतात. आणि तो बाप रडत ओरडतो की माझा विश्वास आहे, पण जिथे तो नाही तिथे तुम्हीच मला सांभाळा. एका दमात दोन्ही. त्याला परत पाठवले जात नाही. आधी ईमान पक्के करून ये, असेही कोणी म्हणत नाही. मूल त्याच पावली बरे होते.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बाहेर जाऊन मुकुंदराजांच्या समाधीच्या रस्त्याने बराच लांब चालत गेलो. आजारी मुलाचा बाप आणि आजारी बापाचा मुलगा.

शुभवर्तमानांत हे एकदाच होत नाही. हजरत याह्या (अ.) तुरुंगात असताना निरोप पाठवून विचारतात की येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहू? नबी नबीला विचारतो आहे! त्यांना दटावले जात नाही. जे पाहता ते जाऊन सांगा, आंधळे पाहतात, लंगडे चालतात, असे उत्तर मिळते, आणि निरोपे गेल्यावर लोकांपुढे याह्यांचे कौतुक केले जाते. मत्तयच्या चौदाव्या अध्यायात पीटर पाण्यावर चालताना घाबरून बुडू लागतो. तेव्हा अल्पविश्वासी म्हणून बोलणी बसतात खरी, पण मजकुराचा क्रम नीट पाहा. आधी हात धरला आहे. बोलणे नंतर. मत्तयच्या अगदी शेवटी तर अकरा शिष्य डोंगरावर जमतात, नमन करतात आणि काहींना तिथेही शंका येते. त्याच्या लगेच पुढच्या वाक्यात स्वर्ग आणि पृथ्वीवरचा सगळा अधिकार मला दिला आहे, अशी घोषणा आहे. शंका असलेल्यांना बाजूला काढून मग ती झालेली नाही. कामगिरीवर पाठवले तेही सगळ्यांना.

सगळीकडे असेच आहे असे मात्र नाही. लूकच्या सुरुवातीला हजरत जकरिया (अ.) फरिश्त्याला विचारतात की म्हातारपणी मूल कसे होईल, तर विश्वास ठेवला नाही म्हणून त्यांची वाचा बंद होते, थेट मुलाचे नाव ठेवेपर्यंत. हीच गोष्ट आपल्या कुरआनात आले इमरान आणि मरियम या सूरांत आहे. तिथे जकरिया स्वतः खूण मागतात आणि तीन दिवस न बोलणे ही ती खूण आहे. शिक्षा नाही. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचले की असे फरक दिसतात.

आणि सूरे बकराची २६० वी आयत? लहानपणी मदरशात आम्ही ती पाठ केली, अर्थ कुणी थांबून सांगितला नाही. हजरत इब्राहिम (अ.) अल्लाहला म्हणतात की मेलेल्याला तू कसे जिवंत करतोस ते मला दाखव. अल्लाह विचारतो, तुझे ईमान नाही का? ते म्हणतात, आहे, पण माझ्या दिलाला इत्मिनान हवे. आणि चार पाखरांची खूण त्यांना दाखवली जाते. सूरे माइदामध्ये हजरत ईसांचे हवारी आसमानातून जेवणाचे दस्तरख्वान मागतात. ईसा त्यांना अल्लाहची भीती बाळगा म्हणतात. तेव्हा हवारी काय कारण देतात? दिलाला इत्मिनान मिळावे. अरबीत दोन्ही ठिकाणी एकाच धातूतला शब्द आहे. खलीलुल्लाह इब्राहिम आणि गालीलचे कोळी, दोघांच्या तोंडी कुरआनने एकच गरज घातली. दस्तरख्वान उतरवण्याचे कबूल करताना सक्त ताकीदही दिली आहे, ते मी लपवत नाही. पण मागणे झिडकारलेले नाही.

बुखारी शरीफमध्ये हदीस आहे, प्रेषितांनी (स.) फरमावले की शंका घ्यायचीच तर इब्राहिमपेक्षा आमचा हक्क जास्त. आलिमांनी याचा अर्थ इब्राहिमांची बाजू राखणारा लावला आहे, म्हणजे त्यांना शंका नव्हतीच. बरोबर असेल. मुस्लिम शरीफमध्ये आणखी एक आहे. काही सहाबी येऊन म्हणाले की आमच्या मनात अशा गोष्टी येतात की त्या तोंडाने बोलणेही आम्हाला भारी वाटते. प्रेषितांनी विचारले, खरेच असे होते? हो म्हणाल्यावर ते म्हणाले की हेच उघड ईमान. हुदैबियाच्या तहाच्या वेळी हजरत उमर (रजि.) यांनी तर प्रेषितांना समोरासमोर विचारले होते की आपण हक्कावर आहोत ना, मग हा कमीपणा का? त्याचे त्यांना पुढे आयुष्यभर वाईट वाटले, रोजे ठेवले, खैरात केली. पण विचारले त्या क्षणी कुणी त्यांना तौबा कर म्हणाले नाही. त्यांना उत्तर मिळाले.

हे सगळे माझ्या कपाटात होते. मी दुसऱ्यांच्या ग्रंथातल्या शंका तीस वर्षे मोजत बसलो आणि माझ्या ग्रंथात शंकेला दिलेली जागा मला दिसली नाही. दीदातांना मी दोष देत नाही. त्यांना ज्या परिस्थितीत उत्तरे द्यावी लागली तिथे त्यांनी दिली. माझ्यापुढे कोणता मिशनरी उभा होता? डबा खाणारे एक सर होते.

रमाबाईंचे शेवटचे काम सांगायचे राहिले. आयुष्याची शेवटची पंधरा-सोळा वर्षे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे बायबल मराठीत आणत होत्या. आधीच्या भाषांतरात संस्कृत शब्द फार, खेड्यातल्या बाईला ते कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. पंडिता ही पदवी मिळवलेल्या बाईने संस्कृत बाजूला ठेवले आणि दुष्काळातून आलेल्या मुलींना कळेल असे मराठी धरले. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवायला, छापायला त्याच बायका होत्या. २४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली. ज्या मुलीकडून न समजलेले घोकून घेऊ नका म्हणून त्या मठाशी भांडल्या होत्या, ती. रमाबाई शेवटची प्रूफे तपासत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ ला वारल्या. पूर्ण बायबल १९२४ मध्ये निघाले. बिशपला न विचारता प्रत्येकीने स्वतः वाचावे, यासाठी यापेक्षा जास्त काय करता येते, मला तरी सुचत नाही.

गेल्या बकरी ईदला भाचा आला होता. रात्री गच्चीवर दोघेच बसलो होतो. मी त्याला म्हणालो, "तू उस दिन पूछा था ना, मैं गलत बोला था." तो काही बोलला नाही. मी त्याला इब्राहिमांची आयत सांगितली. ती त्याला पाठ होती, अर्थ माहीत नव्हता. मग रमाबाईंचे थोडे सांगितले, आणि शेवटी त्या बापाची गोष्ट, झटके येणाऱ्या मुलाची, जशी मार्कने लिहिली आहे तशी.

त्याने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "वो बच्चा अच्छा हुआ?"

"हुआ," मी म्हणालो.

"अब्बा नै हुए."

"नै हुए," मी म्हणालो.

खालून आपा चहाला हाक मारत होती. आम्ही उठलो नाही. थोड्या वेळाने त्याने दुलाभाईंच्या शेवटच्या आठ दिवसांतले असे काही सांगायला सुरुवात केली, जे त्याने आजवर घरात कुणालाच सांगितले नव्हते.